एका वेळी एकच

पावसाळा सरला, दसरा जवळ आला, की एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमधली जुनी फियाट कव्हरमधून बाहेर निघते. काचा पुसल्या जातात, बॅटरी चार्ज होऊन येते. चावी फिरवल्यावर गाडी सुरूही होते. पण नीट चालत नाही. गचके खाते, थरथरते, मध्येच दम टाकते. अशा वेळी मालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. रेस दिली की गाडी तग धरते, पाय काढला की बंद पडते. मग तोंडातून निघतं, "कार्बोरेटर गेला वाटतं." जाणता मेस्त्री आला की तो आधी काय करतो, हे पाहण्यासारखं असतं. तो पान्याला हात लावत नाही. तो म्हणतो, "काका, जरा रेस सोडा. तिला तिच्या चालीनं चालू द्या. काय म्हणतेय ते ऐकू तर द्या."

या ऐकण्यात एक मोठी शिस्त आहे. खूप दिवस बंद राहिलेली गोष्ट अडखळली, तर तिच्यावर जोर करायचा नाही. तिला प्रश्न विचारायचा. तोही एका वेळी एकच. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण घाईच्या दिवसांत हीच सवय सगळ्यात आधी सुटते. म्हणून आज ती जुन्या गाडीच्या निमित्तानं जवळून पाहू.

मराठी घरांना ही गाडी परकी नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बनवली. १९७४ मध्ये तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनं कित्येकांना स्टेशनावर, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलवर पोचवलं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची. मुलं परगावी गेली, चालवणारे थकले, आणि गाडी उभी राहिली. विकवत नाही आणि चालवणंही होत नाही.

तिचं इंजिन साधं आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर. त्यात कॉम्प्युटर नाही, बिघाडाचं नाव सांगणारा दिवा नाही. प्रत्येक सिलिंडरला चार गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. आणि त्या वेळेवर लागतात. सिलिंडर पेटतात तेही ओळीनं नाही. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. चौघांपैकी एकाला यातली एक गोष्ट जरी कमी पडली, तरी सगळी गाडी हलते. म्हणून गाडी गचके खाते याचा अर्थ गाडी गेली, असा नसतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की कुणाला तरी काहीतरी कमी पडतंय. कुणाला आणि काय, एवढंच शोधायचं असतं.

उभ्या गाडीत काय होतं, ते समजून घेतलं की तिच्यावरचा राग निम्मा जातो. पेट्रोल शिळं होतं. त्यातला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर राहतो. हा थर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन बसतो. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं होतं आणि पत्र्याला गंज धरतो. जुन्या गाडीतले रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा या पेट्रोलासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, नाहीतर तडकतात. आपला चार महिन्यांचा पावसाळा सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर पातळ पापुद्रा धरवतो. उंदीर एअर फिल्टरमध्ये घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. यातल्या एकाही गोष्टीत गाडीचा दोष नाही. तिला कुणी वाईट वापरलेलं नसतं. तिला नुसतं वापरलेलं नसतं.

म्हणूनच जाणता माणूस अशा गाडीला थेट चावी लावत नाही. आधी बॉनेट उघडून नुसतं बघतो. एअर फिल्टरमध्ये काड्या-कापूस आहे का? कुठली वायर कुरतडली आहे का? मग ऑइलची पट्टी काढून नाकाजवळ नेतो. ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरलेलं असू शकतं. तसं असेल तर पंप दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. शिळं पेट्रोल काढून ताजं थोडंसं भरतो. पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबून बघतो आणि तडकलेले तेवढे बदलतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडतो. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलतो, म्हणजे इंजिन कोरडं न घासता आतल्या आत फिरतं. आणि गाडी चालो न चालो, ब्रेक लागतात का हे आधी तपासतो. हे सगळं उघड्यावर होतं, कारण बंद गॅरेजमध्ये इंजिनचा धूर जीवघेणा ठरू शकतो. या तयारीत अर्धा दिवस जातो. तो वाया जात नाही. पुढे निघणारे निम्मे बिघाड याच अर्ध्या दिवसात टळतात.

एवढं करूनही गाडी सुरू झाल्यावर थरथरली, की ऐकणं सुरू होतं. मेस्त्री मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून जरा लांब हात धरतो. हवेचे ठोके एकसारखे येतात का? ठोका ठरावीक अंतरानं चुकत असेल, तर एखादा सिलिंडर कामच करत नाही. गाडी तिघांवर चालली आहे. ठोके कसेही, कधीही चुकत असतील, तर त्रास एकट्याचा नाही. तो सगळ्यांना मिळून आहे. पेट्रोल कमी येतंय, कुठून तरी फालतू हवा घेतली जातेय, किंवा सगळ्यांना ठिणगी पोचवणारा पॉइंट घाण झालाय. एकही नट न सैल करता शोधाचं क्षेत्र अर्धं झालं.

ठोका ठरावीक चुकत असेल तर पुढचा प्रश्न सोपा. कोण काम करत नाही? मेस्त्री हातात रबरी मोजे चढवतो, कारण प्लगच्या वायरीचा झटका जबर बसतो. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढतो आणि परत लावतो. पहिली काढली. गाडी आणखी वाईट चालायला लागली. म्हणजे पहिला सिलिंडर ठीक. परत लावली. दुसरी काढली. काहीच फरक पडला नाही. मिळालं. दुसराच बसलेला आहे. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. आपण फरक शोधत असतो आणि उत्तर मात्र फरक न पडण्यात असतं. रोजच्या जगण्यातही आपण 'काही उपयोग झाला नाही' असं म्हणून किती गोष्टी बाजूला टाकतो. खरं तर उपयोग झालेला असतो. आपल्याला एक उत्तर मिळालेलं असतं.

आता चारही प्लग निघतात आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले जातात. एक, दोन, तीन, चार. ज्या क्रमानं निघाले, त्याच क्रमानं. हा क्रम मोडला की अर्धी माहिती गेली. प्रत्येक प्लगचं तोंड काहीतरी सांगतं. फिकट तपकिरी रंग असेल तर तो सिलिंडर समाधानी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय, किंवा चोक फार वेळ ओढलेला राहिला. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. तेलकट असेल तर खालून ऑइल वर येतंय. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय. मेस्त्री चष्मा वर सरकवून एकेक प्लग उजेडात फिरवतो. चौघांकडे सारख्याच लक्षानं बघतो, कारण ठीक असलेले तीन पाहिल्याशिवाय बिघडलेला एक नीट कळत नाही.

समजा, दुसऱ्याचा प्लग ओला निघाला. इथे हात शिवशिवतात. नवा प्लग टाकू, नवी वायर टाकू, डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलू, कार्बोरेटरही एकदा उघडून घेऊ. सगळंच एकदम केलं तर गाडी कदाचित चालेलही. पण का चालली, ते कधीच कळणार नाही. आणि नाही चालली, तर आधीचा बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हेही कळणार नाही. जाणता मेस्त्री फक्त दोन प्लगांची अदलाबदल करतो. दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात. बाकी कशाला हात नाही. इंजिन चालू करून पुन्हा वायरी काढून बघतो. बिघाड तिसऱ्याकडे गेला असेल तर दोष प्लगचा. दुसऱ्याकडेच राहिला असेल तर प्लग निर्दोष. आता वायर बघायची. एक बदल, एक उत्तर. नवा खर्च अजून एका रुपयाचाही नाही.

जुने मेस्त्री एक गोष्ट आवर्जून सांगतात. कार्बोरेटरवर खापर फोडण्याआधी करंट नीट येतो का ते बघा. ते का, हे सहज समजतं. कार्बोरेटर वर दिसतो, त्याला फिरवायला स्क्रू असतात, म्हणून हात तिकडे जातो. पॉइंट मात्र टोपीखाली लपलेला असतो. टोपी काढली की आत चिमुकली जोडी दिसते. जवळ येणारी, दूर होणारी. ती दूर होते त्या क्षणी ठिणगी पडते. ही जोडी जेमतेम अर्धा मिलिमीटर उघडते. वर्षभर उभ्या गाडीत तेवढ्याशा जागेवर पापुद्रा धरला, तरी ठिणगी अशक्त होते. बारीक पॉलिश पेपर हळूच फिरवायचा. मग कोऱ्या जाड कागदाचा तुकडा मध्ये धरून ओढायचा, म्हणजे बोटांचा तेलकटपणाही निघतो. फीलर गेजनं अंतर मोजायचं. पॉइंट जळून काळा पडला असेल, खड्डे पडले असतील, तर शेजारचा कंडेन्सर बघायचा. टोपीला किंवा वायरीला तडा असेल तर त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून इंजिन चालू करायचं. जिथून करंट बाहेर गळतो, तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. दिवसा ज्यासाठी दहा ठिकाणी चाचपडावं लागतं, ते अंधारात एका नजरेत सापडतं.

करंट सगळीकडे चांगला आहे आणि तरी गाडी अडखळते, मग पेट्रोलकडे वळायचं. इथेही प्रश्न एकच, आणि तो विचारण्याची सोय गाडीतच आहे. इंजिन गरम झाल्यावर चोक थोडा ओढून बघायचा. चोकनं हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत होतं. कुठला तरी जेट तुंबलाय, नाहीतर एखाद्या सैल जोडातून जास्तीची हवा शिरतेय. आणखी बिघडली, तर पेट्रोल आधीच पुरेसं होतं. जास्तीची हवा शोधायला मेस्त्री एक रबरी नळी घेतो. एक टोक कानाशी, दुसरं जोडांवरून सावकाश फिरवायचं. जिथे 'स्स' ऐकू आलं, तिथे गॅस्केट गेलं. जेट तुंबला असेल तर तो सोडवून पेट्रोलमध्ये भिजवायचा आणि हवा मारून साफ करायचा. त्यात तार घालायची नाही. जेट पितळेचा असतो आणि त्याचं भोक ठरवून मापाचं केलेलं असतं. तारेनं कचरा निघतो, पण भोक मोठं होतं. मग ती गाडी पुन्हा कधीच मापात पेट्रोल पीत नाही. साफ करताना जपणं हा साफ करण्याचाच भाग आहे.

शेवटी राहतो दाब. प्लगच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एकाचा कमी निघाला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात किंवा चिकटल्यात. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. लांब मुक्कामानंतर व्हॉल्व्ह नुसता चिकटून उघडा राहिलेला असतो, असंही होतं. थोडं ऑइल आणि थोडा वेळ दिला, की काही वेळा तो मोकळा होतो. काही वेळा होत नाही. मग हेड उतरवावंच लागतं. हे काम मोठं आहे, आणि मोठं काम निघालं तर ते करावं. पण ते अंदाजानं निघू नये. एकेक प्रश्न विचारत तिथवर पोचलं, की खर्च जड वाटला तरी मन स्वच्छ असतं. उगीच काही उघडलं नाही, हे माहीत असतं.

या सगळ्या तपासणीत एक वही असेल तर फार बरं. जुन्या गाड्या जपणाऱ्या बऱ्याच माणसांकडे ती असते. तारीख, काय बघितलं, काय बदललं, काय झालं. 'दुसरा आणि तिसरा प्लग बदलून पाहिला, फरक नाही' अशी ओळही तिथे नेटानं लिहिलेली असते. कारण आठवड्यानं गाडी पुन्हा अडली, तर हे दार आधीच ठोठावून झालंय, हे त्या ओळीमुळे कळतं. न लिहिणारा माणूस त्याच दारापाशी पुन्हा जातो, आणि प्रत्येक फेरीला थोडा अधिक चिडलेला असतो.

आता हे आपल्या आजच्या दिवसाकडे आणू. आपल्या आसपास दीर्घ खंडानंतर कामावर परतलेलं कुणीतरी असतं. बाळंतपणानंतर आलेली सहकारी, आजारपणातून उठलेला भाऊ, आईच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षं घरी राहिलेली मैत्रीण. कधी आपण स्वतःच असतो. पहिले काही दिवस काम अडखळतं. हात पूर्वीसारखा चालत नाही, नावं आठवत नाहीत, दुपारनंतर दम लागतो. तेव्हा आतून पहिला आवाज येतो, 'आता आपलं काही खरं नाही.' आणि बाहेरून दुसरा, 'जरा जोर लावा की.' हे दोन्ही आवाज घाईचे आहेत. एक निकाल देतो आणि दुसरा नुसती रेस देतो. काय कमी पडतंय, हे दोघंही विचारत नाहीत.

विचारलं तर उत्तर बहुधा लहान निघतं. झोप पुरत नसते. किंवा मधल्या काळात कामाची पद्धत बदललेली असते आणि ती कुणी समजावून सांगितलेली नसते. किंवा सकाळचे दोन तास उत्तम जातात आणि फक्त जेवणानंतरचा वेळ बसतो. म्हणजे तिघं नीट चालले आहेत, एकालाच काहीतरी कमी आहे. मग सगळं वेळापत्रक उलटंपालटं करायची गरज नसते. या आठवड्यात फक्त अर्धा तास लवकर झोपून बघायचं. बाकी काही बदलायचं नाही. फरक पडला तर छान. नाही पडला तर झोप हे कारण नव्हतं, एवढं पक्कं कळलं. पुढच्या आठवड्यात कुणालातरी शेजारी बसवून नवी पद्धत समजून घ्यायची. अशा सावकाश, एकेका पावलानं माणूस स्वतःवर रुष्ट न होता परत रुळावर येतो. आणि परतणारं माणूस आपल्या घरातलं असेल, तर आपलं काम जाणत्या मेस्त्रीचं. आधी ऐकायचं. जे ठीक चाललंय, त्याची दखल घ्यायची. आणि एका दिवशी एकच गोष्ट सुचवायची. पाच सल्ले एकदम दिले, तर ते प्रेमानं दिलेले असूनही त्या माणसाला ओझंच होतात.

यात वेळ जातो, असं वाटेल. तो जातोच. पण घाईत जाणारा वेळ त्याहून जास्त असतो, फक्त तो मोजला जात नाही. एकदम सगळं बदलून पाहणारा माणूस दिवसभर काम करतो आणि संध्याकाळी त्याच्या हाती एकही खात्रीची गोष्ट नसते. एकेक बदल करणाऱ्याच्या हाती दुपारपर्यंत तीन पक्की उत्तरं असतात. 'हे नाही, हेही नाही, आणि हेही नाही.' या तीन नकारांनी वाट आखून दिलेली असते. धीर म्हणजे नुसतं थांबणं नव्हे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला अवकाश देणं, हा धीर.

गाडी एकदा नीट झाली, की ती तशी ठेवायचा उपायही साधाच आहे. अनेक मालक आठवड्याला गाडी पाच मिनिटं जागच्या जागी चालू करतात आणि समाधान मानतात. त्यानं फारसं साधत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, आणि पेट्रोल जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठून राहतं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा अर्ध्या तासाची खरी फेरी बरी. इंजिन तापू दे, ब्रेक लागू देत, गिअर सगळे पडू देत, बॅटरी भरू दे. हाच नियम माणसाच्या कामालाही लागू पडतो. सोडलेलं गाणं, सुटलेलं चालणं, राहून गेलेला मोठ्या बहिणीचा फोन. रोज उभ्याउभ्या दोन मिनिटं उरकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा निवांत अर्धा तास द्यावा.

आज कामाला निघताना एवढं ठरवू. दिवसात काहीतरी अडखळेल. एखादं यंत्र, एखादा हिशेब, एखादं माणूस, किंवा आपण स्वतः. तेव्हा जोर वाढवायचा नाही आणि निकालही द्यायचा नाही. क्षणभर ऐकायचं. काय ठीक चाललंय ते आधी बघायचं. मग एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. फरक पडला तर लिहून ठेवायचा. नाही पडला, तर तेही तितक्याच समाधानानं लिहायचं, आणि पुढचा प्रश्न विचारायचा.